दुचाकी प्रश्नोत्तरे : गाडी ओढत नाही, पण दोष इंजिनाचाच आहे का?

या वेळच्या पत्रांत ‘गाडीचा पिकअप गेला’ ही तक्रार इतक्या वेळा आली आहे की, बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलून हा संपूर्ण मजकूर तिलाच दिला आहे. उत्तरांत दिलेली मापे सर्वसाधारण आहेत. आपल्या गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा.

प्रश्न : माझी १५० सीसीची, कार्बोरेटर असलेली गाडी २०१३ सालची असून ६४,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या दोन महिन्यांपासून तिचा दम गेला आहे. टॉप गिअरमध्ये ती साठच्या पुढे जात नाही, डबलसीट असताना साध्या चढालाही गिअर उतरवावा लागतो आणि अ‍ॅव्हरेज ४८ वरून ३९ वर आले आहे. सायलेन्सरमधून धूर येत नाही, सकाळी पहिल्या किकला गाडी सुरू होते आणि दोन सर्व्हिसिंगच्या मधे ऑइल टाकावे लागत नाही. त्रास सुरू होण्याच्या थोडे आधी मागचे ब्रेक शू, चेनसेट आणि एअर फिल्टर बदलला होता. मेकॅनिक म्हणतात, बोअर गेला आहे, हाफ इंजिन करावे लागेल. करावे का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : इतक्यात हाफ इंजिन, म्हणजे इंजिन उघडून बोअर-पिस्टनचे काम, करू नये. बोअर म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ती सिलिंडरची आतली भिंत, आणि ती झिजल्याच्या विरोधात आपल्या पत्रातच तीन साक्षी आहेत. पिस्टनवरच्या रिंगा आणि बोअर झिजल्यावर ऑइल वर चढून जळते, म्हणजे निळसर धूर दिसतो, ऑइलची पातळी उतरते आणि थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुर करते. यांपैकी एकही लक्षण नसताना केवळ किलोमीटरचा आकडा पाहून इंजिन उघडणे म्हणजे ताप मोजण्याआधीच पोट फाडण्यासारखे आहे.

‘ताकद कमी’ या एका तक्रारीत तीन निरनिराळे दोष दडलेले असतात. इंजिनातच ताकद कमी तयार होत असेल, इंजिनात तयार झालेली ताकद क्लचमध्ये घसरून चाकापर्यंत पोहोचत नसेल, किंवा ती चाकापर्यंत पोहोचून तिथे ब्रेक, चेन वा टायर खात असेल. गॅरेजमध्ये बहुधा पहिल्या शक्यतेपासून सुरुवात होते आणि ती सर्वांत खर्चिक असते. आपण उलट्या टोकाने, म्हणजे चाकाकडून इंजिनाकडे यावे. त्याला पाना फारसा लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

गाडी मेन स्टँडवर घ्यावी, न्यूट्रल करावी आणि मागचे चाक हाताने फिरवावे. चेनचा थोडा अडथळा जाणवणारच, पण चाक एक-दोन फेरे सहज घेते की अर्ध्या फेऱ्यातच खरखर करून थांबते, हे पाहावे. नंतर पाच-सहा किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर मागचा ब्रेक न वापरता चालवून गाडी पुढच्या ब्रेकने हळूच थांबवावी आणि मागच्या ड्रमवर हाताची पाठ जपून टेकवावी. ब्रेक वापरलेलाच नसताना ड्रमला हात लावून ठेवता येत नसेल, तर ब्रेक शू घासत आहेत. शू नवे असताना ते जाड असतात. जुन्या शूंसाठी आवळलेला रॉडचा नट तसाच राहिला, किंवा ड्रममधला कॅम गंजून परत फिरेनासा झाला, तर ब्रेक कायम थोडा लागलेला राहतो. ब्रेक पेडलला साधारण २० ते ३० मिलिमीटर मोकळी चाल असायला हवी. पुढे डिस्क असेल तर कॅलिपरच्या पिना सुकून अडकल्या नाहीत ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे. शू बदलल्याचा आणि त्रास सुरू झाल्याचा काळ जवळपास एकच असल्याने माझा पहिला संशय इथे आहे, आणि अ‍ॅव्हरेजची घसरणही या संशयाशी जुळते.

नवा चेनसेट बसवताना चेन फार ताठ ठेवली गेली असेल, तर तीही ताकद खाते आणि बेअरिंगचेही नुकसान करते. मधोमध धरून वर-खाली हलवल्यावर चेनला बहुतेक गाड्यांत २० ते ३० मिलिमीटरचा ढिलेपणा हवा. चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते, म्हणून चाक फिरवत तीन-चार ठिकाणी पाहावे. शिवाय स्प्रॉकेटचे दातही मोजावेत. पुढचे स्प्रॉकेट मूळपेक्षा एका दाताने मोठे बसवले गेले, तर गाडी चढाला कच खाते आणि टॉप गिअर पेलत नाही, जरी इंजिन ठणठणीत असले तरी. मात्र तेवढ्याने अ‍ॅव्हरेज इतके पडू नये, म्हणून ही शक्यता मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. टायरमधली हवा पाहणे तर ओघाने आलेच.

या सगळ्यात काही सापडले नाही, तरच इंजिनाकडे वळावे. तिथेही सुरुवात प्लगपासून करावी, पण प्लग नुसता काढून पुसून परत बसवू नये. गाडी थोडी वेगात चालवून, क्लच दाबून आणि त्याच क्षणी किल्ली बंद करून थांबवावी, आणि मग प्लग काढून पाहावा. फिकट तपकिरी रंग ठीक समजावा. कोरडी, काजळासारखी काळी पूड बसली असेल तर पेट्रोल जास्त जात आहे किंवा हवा कमी मिळत आहे. पांढुरका, भाजल्यासारखा रंग असेल तर पेट्रोल कमी पडत आहे. काळपट आणि ओला तेलकट प्लग निघाला, तरच मेकॅनिकच्या म्हणण्यात तथ्य असण्याची शक्यता धरावी.

आपल्या प्लगवर कोरडी काजळी निघेल असे मला वाटते, कारण त्रासाच्या आधी एअर फिल्टरही बदललेला आहे. चुकीच्या मापाचा फिल्टर घुसवून बसवला असेल, किंवा एअर बॉक्सच्या तोंडाशी चिंधी राहून गेली असेल, तर नेमके हेच होते. (गाडी सर्व्हिसिंगला टाकली की हवेच्या वाटेत कापडाचा बोळा विसरला जाणे ही काही फार दुर्मीळ गोष्ट नाही.) चोकची केबल अडकून चोक अर्धवट ओढलेला राहणे हे दुसरे कारण. हे दोन्ही ठीक असेल तर कार्बोरेटरच्या वरच्या झाकणाखालचा रबरी पडदा पाहावा. अनेक १५० सीसी गाड्यांच्या कार्बोरेटरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर ओढल्यावर स्लाइड (हवेची वाट उघडणारा सरकता भाग) थेट केबलने उचलली जात नाही, ती या पडद्यावरच्या हवेच्या दाबातील फरकामुळे वर येते. पडद्याला टाचणीएवढे छिद्र पडले तरी स्लाइड पूर्ण उचलली जात नाही. गाडी गल्लीबोळात उत्तम चालते आणि अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरच्या पुढे मात्र कितीही मूठ पिळली तरी प्रतिसाद देत नाही. पडदा काढून उजेडासमोर धरला आणि कडेने हलकेच ताणला, की चीर दिसते.

शेवटी टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). टॅपेटचे अंतर लहान गाड्यांत ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असते आणि ते इंजिन पूर्ण थंड असतानाच फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायचे असते. ‘अंदाजाने आवळले’ हे उत्तर स्वीकारू नये. कॉम्प्रेशन मात्र गरम इंजिनावर आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडून मोजावे. आकडा कमी आला तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. ऑइल टाकल्यावर आकडा बराच वर गेला तर गळती रिंगांतून आहे, आणि जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमधून आहे. ही दहा मिनिटांची चाचणी न करता जो बोअर सांगतो, त्याला आपण तो आकडा आधी दाखवायला सांगावे.

प्रश्न : घाटात अ‍ॅक्सिलरेटर ओढला की इंजिन जोरात ओरडते, पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही. सपाट रस्त्यावर फारसे जाणवत नाही. मागच्या वेळी घरात कारसाठी आणलेले महाग सिंथेटिक ऑइल शिल्लक होते, तेच गाडीत टाकले होते. त्याचा संबंध असेल का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : बहुधा तोच संबंध आहे. मोटारसायकलचा क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि कारचा क्लच कोरडा व इंजिनाबाहेर असतो. म्हणूनच कारच्या अनेक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायने मिसळलेली असतात. इंजिनाला ती मानवतात, पण क्लच प्लेट मात्र घसरू लागतात. मोटारसायकलचे ऑइल घेताना डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘जासो एमए २’ ही जपानी मानकाची खूण पाहावी. ‘जासो एमबी’ ही खूण ऑटोमॅटिक स्कूटरसाठीच्या ऑइलवर असते, कारण तिथे क्लच ऑइलमध्ये नसतो. ऑइलची किंमत आणि त्याचे ‘सिंथेटिक’पण यांचा या प्रश्नाशी काहीही संबंध नाही.

खात्री करण्यासाठी मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर एकदम पूर्ण ओढावा. आवाज आधी चढला आणि वेग मागून रेंगाळत आला, तर क्लच घसरत आहे. ऑइल बदलण्याआधी क्लच लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटरची मोकळी चाल आहे का, तेही पाहावे. केबल ताणलेली असेल तर योग्य ऑइलमध्येही क्लच घसरतो आणि दोष विनाकारण ऑइलवर जातो. योग्य ऑइल टाकून काहीशे किलोमीटरनंतरही सुधारणा झाली नाही, तर प्लेट बदलाव्यात आणि त्यासोबत स्प्रिंगांची लांबीही मोजून घ्यावी. घसरत्या क्लचवर घाट चढत राहू नये.

प्रश्न : माझी १०० सीसीची गाडी घरून निघते तेव्हा उत्तम चालते. दहा-बारा किलोमीटर गेल्यावर हळूहळू दम सोडते, झटके देते आणि बंद पडते. रस्त्याच्या कडेला थोडा वेळ थांबले की पुन्हा काही न झाल्यासारखी चालू लागते. प्लग आणि कॉइल दोन्ही बदलून झाले.
— एक शिक्षिका, सिन्नर

उत्तर : पुढच्या वेळी गाडी दम सोडू लागताच सुरक्षित जागी थांबून पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडावे आणि कान देऊन ऐकावे. हवा आत ओढल्याचा ‘सूऽऽ’ असा आवाज आला आणि गाडी लगेच नीट चालू लागली, तर दोष सापडलाच. टाकीतले पेट्रोल खाली जाते तसतशी त्याची जागा घ्यायला बाहेरची हवा आत यावी लागते, आणि त्यासाठी झाकणात एक बारीक वाट असते. धूळ, गंज किंवा गाडी धुताना गेलेला चिखल यांनी ती वाट बुजली, की टाकीत हवेचा दाब कमी होतो आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे उतरेनासे होते. थांबल्यावर झाकणाच्या रबराच्या फटीतून हवा हळूहळू झिरपते, म्हणून गाडी ‘बरी’ होते. टाकीवर पूर्ण आवरण घालून त्यावर सामानाची बॅग बांधणाऱ्यांनाही हा अनुभव येतो.

झाकण उघडूनही फरक पडला नाही, तर पेट्रोलची नळी कार्बोरेटरपासून काढून बाटलीत धरावी आणि कॉक सुरू करून धार पाहावी. (आसपास कोणी विडी-सिगारेट ओढत नसल्याची खात्री आधी करावी.) धार सुरुवातीला जोरात येऊन मग बारीक होत गेली, तर कॉकच्या आतली जाळी गाळाने भरली आहे. धारही ठीक असेल तर टॅपेट तपासावेत. टॅपेट फार घट्ट असले तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन निसटते आणि गाडी गरम असतानाच त्रास देते. टॅपेटचा टकटक आवाज येत नाही म्हणून इंजिन निरोगी आहे असे मानण्याची रीत चुकीची आहे. घट्ट टॅपेट अगदी शांत असतात आणि व्हॉल्व्ह जाळतात.

प्रश्न : माझी गाडी बीएस ६, फ्युएल इंजेक्शनची आहे. मागच्या आठवड्यात प्रेशरच्या पाण्याने धुतल्यानंतर पिवळा दिवा लागला, दोन दिवसांनी गेला. आता दिवा नाही, पण सत्तरच्या पुढे गाडी गुदमरते. दिवा गेला म्हणजे दोषही गेला ना?
— एक विद्यार्थी वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दिवा गेला म्हणून नोंदही जाते असे नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे वाहनांच्या प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर आपल्याकडच्या जवळजवळ सर्व नव्या मोटारसायकलींत फ्युएल इंजेक्शन आले, आणि त्यासोबत दोष स्मृतीत साठवून ठेवणारा नियंत्रकही आला. दिवा विझल्यानंतरही बहुतेक गाड्यांत जुना कोड साठवलेला असतो, म्हणून कोणताही सुटा भाग बदलण्याआधी स्कॅनर लावून तो वाचून घ्यावा. कोड वाचून झाल्यावरच तो पुसावा. आधी पुसला तर पुरावाच गेला.

धुतल्यानंतर लगेच दिवा लागला, यावरून एखाद्या सेन्सरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरल्याचा संशय घ्यायला जागा आहे. थ्रॉटल बॉडीवरचे (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागावरचे) आणि इंजिनाचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरचे कनेक्टर बॅटरी सोडवून उघडावेत, हिरवट गंज दिसतो का पाहावे आणि हवेने कोरडे करावेत. एअर फिल्टरचा कागद भिजला आहे का, हेही झाकण उघडून पाहावे, कारण ओला कागद हवेला जवळजवळ भिंतच असतो. मात्र कमी वेगात ठीक आणि जास्त वेगात गुदमरणे, ही तक्रार पेट्रोलचा दाब पुरत नसतानाही येते. अनेक गाड्यांत हा दाब ३ बारच्या आसपास असतो. पंपाचा फिल्टर तुंबला किंवा बॅटरी अशक्त होऊन पंपाला पुरेशी वीज मिळाली नाही, की संथ चालीला पेट्रोल पुरते आणि वेगाला कमी पडते. दाब मोजण्यासाठी गेज लागते, आणि ते नसलेल्या गॅरेजने नुसत्या अंदाजावर पंप बदलायला सांगितला तर नकार द्यावा. थ्रॉटल बॉडी साफ करताना कारखान्यात बसवून दिलेला थांब-स्क्रू कोणालाही फिरवू देऊ नये.

प्रश्न : वडिलांची यामाहा आरएक्स १०० मी पुन्हा चालती केली. बोअर नवा आहे, पिस्टन नवा आहे, तरी लोक सांगतात ती धाव नाही. वरच्या आरपीएमला गाडी कोंडल्यासारखी होते.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेल्या या गाडीचे ९८ सीसीचे इंजिन सुमारे ११ अश्वशक्ती देत असे, आणि टू-स्ट्रोक असल्याने त्यातला मोठा वाटा सायलेन्सरच्या आकारावर अवलंबून होता. म्हणून नव्या बोअरपेक्षा जुन्या सायलेन्सरकडे आधी पाहावे. मागच्या टोकाचा स्क्रू काढून आतली नळी ओढून बाहेर काढावी. वर्षानुवर्षांचे जळके ऑइल तिच्या छिद्रांत डांबरासारखे घट्ट बसलेले असते. तेवढेच साफ करून थांबू नये. सायलेन्सर इंजिनापासून सोडवून एक्झॉस्ट पोर्टमध्ये टॉर्च मारावी. पोर्टच्या कडेने कार्बनचे कडे जमून तोंड आक्रसलेले दिसेल. पिस्टन तळाशी आणून, त्याला ओरखडा न पाडता, लाकडी काडीने ते खरवडावे. बाजारात मिळणारा नकली सायलेन्सर बाहेरून हुबेहूब असला तरी आतली रचना वेगळी असू शकते, आणि मग कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक नळ्या) कितीही बदलले तरी गाडी सुधारत नाही.

हे करूनही धाव आली नाही तर क्रँकचे ऑइल सील पाहावेत. मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूचा सील गेला तर आत जादा हवा शिरते, आयडलिंग आपोआप चढते आणि पिस्टन जाम होण्याचा धोका असतो. क्लचच्या बाजूचा गेला तर गिअर ऑइल इंजिनात ओढले जाऊन पांढरा धूर सुटतो आणि गिअरबॉक्समधले ऑइल कमी होत जाते. बोअर नवा करणारे अनेकजण सील जुनेच ठेवतात, हे मला कधीच कळलेले नाही. कार्बोरेटरमागची रीड व्हॉल्व्हची (मिश्रण एकाच दिशेने आत जाऊ देणाऱ्या झडपेची) पातळ पानेही उजेडासमोर धरून पाहावीत. ती नीट टेकलेली हवीत आणि त्यांचा कोपरा तुटलेला नसावा.

प्रश्न : ई २० पेट्रोलमुळे गाडीची ताकद पंचवीस टक्क्यांनी कमी झाली, हे खरे का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : एवढी घट ई २० च्या, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या, माथी मारता येणार नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे वीस टक्के मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्के घट होते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या पद्धतीच्या दुचाकींसाठी अ‍ॅव्हरेजमधील अपेक्षित घट ३ ते ४ टक्के दिली आहे. घट पंचवीस टक्के असेल तर कारण दुसरे आहे. मात्र इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि ते प्रमाणाबाहेर गेले की टाकीच्या तळाशी वेगळा थर साचतो. पावसाळ्यात महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीत हे घडते. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल काचेच्या बरणीत घ्यावे आणि काही वेळ स्थिर ठेवावे. दोन थर दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करून वाळवावी.

प्रश्न : जुनी ३५० सीसी, कार्बोरेटरची गाडी घेऊन आम्ही जूनमध्ये लडाखला जात आहोत. तिथे गाडी ओढत नाही असे ऐकले. आधीच काही करून घ्यावे का?
— मित्रमंडळी, पुणे

उत्तर : हा दोष नव्हे, हवाच विरळ असते. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथली हवा समुद्रसपाटीच्या मानाने जवळजवळ तीस टक्के विरळ असते. खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटरवर आहे आणि तिथे ही घट चाळीस टक्क्यांच्याही पुढे जाते. जितकी हवा कमी, साधारण तितकी ताकद कमी. फ्युएल इंजेक्शनची गाडी हवेच्या मानाने पेट्रोल कमी करून घेते, पण नसलेली हवा तीही आणू शकत नाही. कार्बोरेटरची गाडी पेट्रोल जवळपास पूर्वीइतकेच ओतत राहते, म्हणून तिच्यात काळा धूर, काजळलेला प्लग आणि धापा टाकणारे इंजिन ही भर पडते.

निघण्यापूर्वी एअर फिल्टर नवा बसवावा, टॅपेट जुळवून घ्यावेत, जादा प्लग सोबत ठेवावेत आणि क्लचची केबल तपासावी, कारण चढावर खालच्या गिअरमध्ये क्लच अर्धवट दाबून गाडी रेटण्याचा मोह सर्वांनाच होतो. उंचीवर बराच काळ राहणार असाल तरच एक-दोन पायऱ्या लहान मेन जेट बसवावा. एका दिवसाच्या खिंडीसाठी तो उद्योग करू नये. लहान जेट बसवलाच तर परतीच्या वाटेवर मैदानात उतरण्याआधी मूळ जेट परत बसवावा, नाहीतर दाट हवेत पेट्रोल कमी पडून, भर उन्हात आणि वेगात, पिस्टन जाम होईल.